छप्पर कापून रोडस्टर होत नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

गेल्या रविवारी तुमच्या मोटार पुरवणीत समोरासमोरच्या पानांवर दोन गाड्या होत्या. डावीकडे एमजीची सायबरस्टर. विजेवर चालणारी रोडस्टर, म्हणजे दोन माणसांची, उघडी. ५१० अश्वशक्ती, ताशी शंभराचा वेग ३.२ सेकंदांत, किंमत पाऊण कोटीच्या घरात. उजवीकडे आपल्याच गावातल्या एका पोराने जुन्या मारुती ८०० चं छप्पर कापून, मागचं सीट उपसून, लाल रंग मारून केलेली ‘घरगुती रोडस्टर’. तुमच्या वार्ताहराने तिला जुगाडाचा उत्तम नमुना म्हटलं आहे आणि लग्नाच्या वरातींसाठी तिला मागणी येऊ लागल्याचंही लिहिलं आहे.

‘वरात’ हा शब्द वाचला आणि मी चष्मा काढून ठेवला. का ते पुढे सांगतो.

मी सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला एकेचाळीस वर्षं गॅरेज चालवलं. आता ते भाच्याकडे आहे. मी रोज सकाळी दोन तास तिथे जाऊन बसतो, म्हणजे त्याच्या मते त्याला त्रास देतो. माझं शिक्षण नववी. पण गाडी मी आयुष्यभर खालून पाहिली आहे, पाठीखाली गोणपाट टाकून. तुमच्या दोन्ही पानांनी गाडीकडे वरून पाहिलं. एकाने आकडे बघितले, दुसऱ्याने उघडं आभाळ बघितलं. रोडस्टर जी काही असते ती सगळी खाली असते.

१९७६ साली, सोळाव्या वर्षी, मी उस्तादांच्या हाताखाली लागलो. मुरारजी पेठेतल्या एका वकीलसाहेबांची स्टँडर्ड हेरॉल्ड आमच्याकडे यायची. मूळची इंग्लंडची ट्रायम्फ हेरॉल्ड, आपल्याकडे मद्रासला स्टँडर्ड कंपनी बनवायची. नक्षा इटलीच्या मिकेलॉटीचा. तिचं बोनेट मडगार्डांसकट पुढे उलटायचं, मगरीने जबडा वासावा तसं. आम्ही पोरं पुढच्या टायरवर बूड टेकून इंजिनचं काम करायचो. वळायला इतकी आखूड की बाळीवेशीत टांगा जिथे अडखळेल तिथे ती एका दमात फिरायची. एकदा ती रंगाला आली. उस्तादांनी छपराचे बोल्ट सोडले, आम्ही चौघांनी छप्पर उचलून भिंतीला टेकवून ठेवलं, आणि संध्याकाळी उस्ताद तशाच बिनछपराच्या गाडीतून होटगी रस्त्याला फेरी मारून आले. दारं नीट उघडत होती, नीट मिटत होती, कुठे करकर नाही.

त्या दिवशी माझ्या डोक्यात एक चुकीचा धडा पक्का बसला. गाडीचं छप्पर म्हणजे डोक्यावरची टोपी, काढली काय नि ठेवली काय!

त्या धड्याचं बिल मला १९९९ साली आलं. एक मंडपवाले जुनी मारुती ८०० घेऊन आले. वरातीला उघडी गाडी हवी होती, घोड्याला पर्याय म्हणून. मी हो म्हणालो. दोन दिवसांत छेनी आणि गॅस कटरने छप्पर उतरवलं, कडा दुमडल्या, वर रेक्झिन लावलं. दिसायला छान दिसत होती, खोटं का सांगू. पहिल्याच वरातीत मागच्या बाजूला उंचावर नवरदेव, शेजारी करवली, खाली दोन पोरं. निघताना दारं मिटली ती मिटली. पहिल्या गतिरोधकावर समोरची काच वरच्या कोपऱ्यातून तडकत गेली आणि दारं चौकटीत चेपून बसली. मुंडावळ्या बांधलेला नवरदेव दारावरून उडी मारून उतरला, त्यात त्याचा शेला हँडलमध्ये अडकला. बँडवाल्यांना वाटलं नाचायला उतरला, त्यांनी आणखी जोर धरला.

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजात आणून मागचं एकच चाक जॅकवर घेतलं. दार आणि मागच्या पत्र्यामधल्या फटीत आधी करंगळी जात नव्हती. जॅक चढवत गेलो तशी फट एका टोकाला मिटत गेली आणि दुसऱ्या टोकाला अंगठा जाईल एवढी उघडली. गाडी पिळली जात होती, ओलं फडकं पिळावं तशी. मी दाराखालून दीड इंची चौकोनी पाइप दोन्ही बाजूंनी वेल्ड केले, सीटमागे आडवा एक टाकला. थोडा फरक पडला, पण सुधारली नाही ती नाहीच. मंडपवाल्यांचे पैसे परत केले, काचेचेही भरले. गाडी शेवटी भंगारात गेली. यात मारुतीचा काहीच दोष नाही. ती छपरासकट बांधलेली होती आणि छपरासकट उत्तम चालत होती.

हेरॉल्ड का चालली आणि मारुती का मोडली हे मला तेव्हा कोणी समजावलं नाही. आमच्या घरच्या तेलाच्या डब्याने समजावलं. पंधरा किलो तेलाचा पत्र्याचा डबा तुमच्याही घरी असेल. बंद असताना त्यावर माणूस उभा राहतो. वरचा पत्रा कापून पाणी भरा आणि एका हाताने उचला, चारही बाजू डुगडुगतात. म्हणून आपण काय करतो? कापलेल्या कडा आत दुमडतो आणि वर आडवं लाकूड ठोकतो. ते लाकूड फक्त धरायला नसतं, डबा चौकोनी ठेवायलाही असतं. आजच्या बहुतेक गाड्या तो बंद डबा आहेत. त्यांना वेगळी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नाही. फरशी, खांब, छप्पर सगळं मिळून एक पेटी, आणि ताकद त्या सगळ्यांत वाटलेली. हेरॉल्डला खाली स्वतःची लोखंडी चासी होती, वरचं शरीर तिच्यावर तुकड्या-तुकड्यांनी बोल्टने बसवलेलं. तिचं छप्पर खरंच टोपी होतं.

हीच हेरॉल्डची चासी आखूड करून ट्रायम्फने १९६२ साली स्पिटफायर काढली, दोन माणसांची रोडस्टर. चाकांमधलं अंतर साडेएक्क्याण्णव इंचांवरून त्र्याऐंशीवर आणलं, ११४७ सीसीचं इंजिन टाकलं, ६३ अश्वशक्ती. म्हणजे आपल्या वकीलसाहेबांच्या गाडीची सख्खी चुलत बहीण विलायतेत रोडस्टर म्हणून मिरवत होती. पण तिथल्या इंजिनिअरांनी नुसतं छप्पर काढलं नाही. त्यांनी चासीच्या बाहेरच्या दांड्या काढल्या आणि त्यांचं काम दाराखालच्या उंबऱ्यांना दिलं. तो उंबरा, ज्याला आम्ही सिल म्हणतो, आतून पेटीसारखा बांधला. जुन्या स्पिटफायरचा उंबरा गंजला की दारं लटकतात, ती याच कारणाने.

(तिच्यात हेरॉल्डचा एक दुर्गुणही आला होता. मागची चाकं स्प्रिंगच्या एकाच आडव्या पाट्यावर झुलायची. वळणात जोरात असताना घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मागचं चाक आत दुमडायचं आणि शेपूट फिरायची. उस्ताद तुळजापूरच्या घाटात नेहमी ओरडायचे, “वळणात पाय काढू नको बे!” कंपनीने १९७० च्या सुमाराला पाट्यांच्या जुडग्याला मध्ये डुलायला मोकळीक दिली तेव्हा ते खूपसं सुटलं.)

बाकीच्यांनीही ज्याने-त्याने आपापली युक्ती केली. लोटसने १९६२ च्या एलानमध्ये गाडीच्या मधोमध पाठीच्या कण्यासारखी एक लोखंडी पेटी घातली, पुढे-मागे तिला फाटे फोडले, आणि वर फायबरचं हलकं अंग चढवलं. त्याच साली आलेल्या एमजीबीला वेगळी चासी नव्हती, ती डब्याच्याच जातीची, पण पहिल्या दिवसापासून उघडी राहायची म्हणूनच बांधलेली. उंबरे जाड, दोन सीटांमधला फरशीचा उंच बोगदा भक्कम, समोरच्या काचेखालचा आडवा भाग मजबूत. अठरा वर्षांत त्या घराण्याच्या पाच लाखांवर गाड्या निघाल्या. लोटसची १९९६ ची एलिस तर मला सगळ्यात नवल वाटते. तिचा सांगाडा ॲल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्या डिंकाने चिकटवून केलेला. डिंक म्हणजे भट्टीत पक्का होणारा इपॉक्सी, पण म्हणायचा डिंकच. सांगाड्याचं वजन अवघं ६८ किलो, आख्खी गाडी सव्वासातशेच्या आसपास. एका कापड व्यापाऱ्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, आमच्या दुकानाचं काउंटर यापेक्षा जड आहे. तिचा उंबरा मात्र एवढा रुंद आणि उंच की आत बसायचं म्हणजे खिडकीतून घरात शिरल्यासारखं. ताकद कुठे ठेवली आहे ते बसतानाच कळतं.

२०१४ साली मुलीकडे मेलबर्नला गेलो होतो. तिच्या शेजारच्या गृहस्थांकडे माझदा एमएक्स-५ होती, १९९० ची, लाल. आपल्याकडे ही गाडी कधी विकायला आली नाही, मी फक्त चित्रात पाहिली होती. पहिल्या दिवशी मी त्यांच्या अंगणात सरळ आडवा झालो आणि खाली सरकलो. मुलगी लाजेने घरात निघून गेली, गृहस्थ मात्र खूश झाले आणि बॅटरी घेऊन शेजारी आडवे झाले. खाली मला गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या डिफ्रन्सलपर्यंत एक लांब ॲल्युमिनियमची चौकट दिसली, भोकं पाडून हलकी केलेली. तिने पुढचं आणि मागचं यंत्र एकमेकांना बांधून टाकलं आहे. पाय दाबला की मध्ये कुठे झोल नाही, चाकाला थेट कळतं. इंजिन पुढच्या चाकांच्या रेषेच्या मागे ढकललेलं, बॅटरी उचलून डिकीत नेलेली. का, तर दोन माणसं बसल्यावर वजन पुढे निम्मं आणि मागे निम्मं पडावं. चारही चाकांना वर-खाली दोन-दोन आडवे हात, म्हणजे खड्ड्यात चाक वर गेलं तरी ते फार तिरकं होत नाही.

मग ते मला डोंगराच्या रस्त्याने घेऊन गेले आणि परत येताना चावी माझ्या हातात दिली. (परवान्याचं विचारू नका, मी नेला होता.) इंजिन १.६ लिटरचं, अश्वशक्ती ११५ च्या आसपास, वजन हजार किलोच्या आत. शंभर गाठायला साधारण नऊ सेकंद. आज एखादी बऱ्यापैकी टर्बो हॅचबॅकही तेवढ्यात जाते. पण गिअरचा दांडा बोटभर, मनगट हललं की गिअर पडतो. स्टिअरिंगमधून खडी हाताला कळते. मी ताशी साठावर होतो आणि मला वाटत होतं, नव्वदावर आहे. जपानी लोकांनी ही गाडी बांधताना ‘जिन्बा इत्ताई’ हा शब्द धरला होता, घोडा आणि स्वार एक अंग. मला घोड्यावर बसता येत नाही, पण लुना चालवलेली आहे. रिकाम्या विजापूर रस्त्यावर पहाटे लुना जशी अंगाचीच वाटायची, तसं चार चाकांवर मला पहिल्यांदा वाटलं. १९८९ ला शिकागोच्या प्रदर्शनात दाखवलेली ही गाडी २०१६ च्या एप्रिलमध्ये दहा लाख नगांवर गेली. ३.२ सेकंदांच्या जोरावर नव्हे.

आता तुमचं डावं पान. सायबरस्टरला मी नावं ठेवत नाही. बॅटरी फरशीत असल्यामुळे तिची बैठक खाली आहे आणि तळ भक्कम आहे, छप्पर नसल्याची भरपाई तिथे होते, हे मी ओळखतो. पण तुमच्या लेखात एक आकडा छापायचा राहिला, वजनाचा. ती जवळजवळ दोन टन आहे. १९६२ ची एमजीबी, त्याच नावाची, हिच्या निम्म्याहून हलकी. एवढं वजन ५१० अश्वशक्ती सरळ रेषेत पळवते, त्यात शंका नाही. पण थांबवायचं कोणी? त्याच वेगाला दुप्पट वजन म्हणजे ब्रेकांना दुप्पट उष्णता गिळायची. आणि वळवायचं कोणी? शिखर शिंगणापूरची कावड खांद्यावर घेतलेल्याला विचारा. तेवढंच पाणी घागरीत भरून कमरेवर घेतलं तर माणूस गल्लीत गर्रकन वळतो. कावडीच्या दोन टोकांना असलं की आधी वळायला जड, आणि एकदा फिरली की थांबायला त्याहून जड. लहान रोडस्टर बांधणारे जड वस्तू दोन चाकांच्या मधोमध, माणसांच्या जवळ का कोंबतात, त्याचं उत्तर एवढंच आहे.

ज्यांना अश्वशक्तीचं फारच वेड आहे त्यांच्यासाठी होंडाची १९९९ ची एस२००० सांगतो, कारण तिच्यात सोलापूरला समजेल अशी गोष्ट आहे. दोन लिटरचं इंजिन, टर्बो नाही, तरी जवळपास अडीचशे अश्वशक्ती, आणि मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांपर्यंत ओरडायची मुभा. कसं? तिच्या कॅमशाफ्टवर, म्हणजे इंजिनच्या झडपा (व्हॉल्व्ह) उघडणाऱ्या दांड्यावर, दोन प्रकारचे उंचवटे आहेत. खालच्या फेऱ्यांना लहान उंचवटे व्हॉल्व्ह उघडतात. सहा हजाराच्या आसपास तेलाच्या दाबाने एक खिट्टी सरकते आणि मोठे उंचवटे काम हातात घेतात. व्हॉल्व्ह जास्त उघडतो, जास्त वेळ उघडा राहतो. आपल्या एमआयडीसीत कॅमशाफ्ट बनतात आणि परदेशी मोटार कंपन्यांना जातात. चादरीच्या गावात हे फार लोकांना माहीत नसतं. माझा पुतण्या त्याच कामात आहे, तो उंचवट्याला ‘टेंगूळ’ म्हणतो. पुढच्या पुरवणीत त्या टेंगळांवर लिहा की, घरचा विषय आहे.

आणि आपल्या देशात कोणी खरी रोडस्टर बांधलीच नाही असंही नाही. गोव्यात सॅन स्टॉर्म निघाली होती, दोन माणसांची, फायबरच्या अंगाची, रेनॉचं १.२ लिटरचं, साठेक अश्वशक्तीचं इंजिन. मी पणजीला एक उभी पाहिली. मालक चहा प्यायला गेला होता, तो येईपर्यंत मी वाकून जेवढी दिसली तेवढी बघून घेतली. फार विकली गेली नाही. आपल्याकडे दोन माणसांच्या गाडीला घरातून परवानगी मिळत नाही. आजी कुठे बसणार, हा पहिला प्रश्न. शिवाय आपलं ऊन. मे महिन्यात सोलापुरात उघडी गाडी म्हणजे तव्यावरची भाकरी. ती चालवावी हुरड्याच्या दिवसांत, सकाळी, कानटोपी घालून.

उजव्या पानावरच्या पोराबद्दल माझ्या मनात राग नाही. फोटोत वेल्डिंग दिसतं, हात चांगला आहे त्याचा, माझ्यापेक्षा सफाईदार. पण तुम्ही छापलं म्हणून आता दहा जण छेनी उचलतील, तेव्हा तीन गोष्टी छापा. पहिली, उलटली तर तिच्यात माणसाला वाचवणारं काही उरलेलं नाही. आजच्या बहुतेक खऱ्या रोडस्टरमध्ये समोरच्या काचेच्या खांबात पोलादी नळी भरलेली असते, अनेकींत डोक्यामागे कमानी असतात. इथे काच आहे आणि रेक्झिन आहे. दुसरी, सीटबेल्टचा वरचा टेकू ज्या खांबात असतो तो खांबही कापलेला दिसतो. तिसरी, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेलं मूळ रूप असं बदलता येत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं आहे. अपघात झाला तर विमा कंपनी आधी छप्पर कुठे आहे ते विचारेल.

आणि त्या मुलाला एवढा निरोप पोचवा. वरातीची सुपारी घेण्याआधी एकदा आमच्या गॅरेजवर ये. पत्ता तुझ्या वार्ताहराला ठाऊक आहे, त्याची स्कूटर आमच्याकडेच येते. पैसे नकोत. मागचं एक चाक जॅकवर घेऊ आणि दार उघडतं का बघू, पाच मिनिटांचं काम आहे. उघडलं नाही तर उंबऱ्यात काय घालता येईल, मधल्या बोगद्यावर काय बांधता येईल ते सांगतो. ती रस्त्यावर चालवायला नाही, पण निदान प्रदर्शनात उभी करायला तरी नीट होईल. आणि कापलेलं छप्पर भंगारात दिलं नसशील तर तेही बरोबर आण.

आपला,
एक जुना गॅरेजवाला, सोलापूर
(नाव छापू नये. मंडपवाले अजून आमच्या गल्लीतच राहतात.)